नगरपरिषद चालते कशी आणि तिच्याकडून काम करून घ्यावे कसे: किनाऱ्यावरच्या गावकऱ्यासाठी मार्गदर्शन

आमच्या आळीच्या मागून एक वहाळ, म्हणजे लहान ओढा, जातो. मासळी बाजाराकडचे गटार त्याला येऊन मिळते आणि पुढे दोनशे पावलांवर तो खाडीत उतरतो. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले, की खाडी पाणी घेत नाही, वहाळ उलटा फिरतो आणि खालच्या अंगाच्या दोन घरांच्या पडवीत पाणी शिरते. सलग दोन वर्षे आम्ही नगरसेवकांना भेटत राहिलो आणि दर वेळी "सांगितलंय, होईल" असे ऐकून परत आलो. तिसऱ्या वर्षी शेजारच्या एका निवृत्त गुरुजींनी विचारले, "ठराव झालाय का? झाला असेल तर क्रमांक काय?" आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आले नाही. नंतर कळले की ठराव वर्षभरापूर्वीच झालेला होता. त्यापुढे कामाचे इस्टिमेट कोणी केलेच नव्हते, आणि तो कागद पुढे सरकवा असे नेमक्या माणसाला आमच्यापैकी कोणी सांगितलेही नव्हते.

नगरपरिषदेत निर्णय सभागृहात होतो आणि काम कार्यालयात होते. ही दोन ठिकाणे एकाच इमारतीत असल्यामुळे ती एकच आहेत असा आपला समज होतो. पुढील पायऱ्या हा समज बाजूला ठेवूनच वाचाव्यात.

पहिली पायरी: आपले घर नेमके कोणाच्या हद्दीत आहे, ते पाहावे

शहरी स्थानिक संस्थांना घटनात्मक स्थान मिळाले ते ७४ व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली. आपल्या राज्यातील नगरपरिषदांचा रोजचा कारभार मात्र त्याही आधीच्या, म्हणजे 'महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५' या कायद्यानुसार चालतो. एक लाखाहून अधिक लोकसंख्येची नगरपरिषद 'अ' वर्गात, चाळीस हजारांच्या वरची पण एक लाखापर्यंतची 'ब' वर्गात आणि चाळीस हजारांपर्यंतची 'क' वर्गात मोडते. ग्रामीण रूप टाकून शहराकडे वळणाऱ्या गावासाठी नगरपंचायत असते, आणि २०१४ नंतर तालुक्याच्या मुख्यालयाच्या बऱ्याच ग्रामपंचायतींचे रूपांतर नगरपंचायतींत झाले.

सिंधुदुर्गात सावंतवाडी, मालवण आणि वेंगुर्ला येथे नगरपरिषदा आहेत, तर कणकवली, कुडाळ, देवगड-जामसंडे, वाभवे-वैभववाडी आणि कसई-दोडामार्ग येथे नगरपंचायती आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात रत्नागिरी, चिपळूण, खेड आणि राजापूर या नगरपरिषदा, तर दापोली, मंडणगड, गुहागर, देवरुख आणि लांजा या नगरपंचायती आहेत. कोकणातील सर्वांत जुन्यांपैकी एक असलेली पनवेलची नगरपालिका १८५२ सालची; २०१६ मध्ये तिची महानगरपालिका झाली, त्यामुळे तिला आता वेगळा कायदा लागू होतो.

हद्दीचा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. तारकर्ली आणि देवबाग यांचे नाव मालवणशी जोडूनच घेतले जात असले, तरी तेथे ग्रामपंचायती आहेत. रत्नागिरी शहराला खेटून असलेल्या नाचणे, कुवारबाव आणि शिरगाव यांचेही तसेच. टपालाच्या पत्त्यावर शहराचे नाव असले म्हणून घर शहराच्या हद्दीत असतेच असे नाही. घरपट्टीची पावती कोणत्या कार्यालयाची आहे ते पाहावे, म्हणजे अर्ज कोणाच्या नावे लिहायचा हे आपोआप ठरते.

दुसरी पायरी: सभागृहात कोण बसते, ते समजून घ्यावे

सभागृहात थेट निवडून आलेले नगरसेवक, नगराध्यक्ष आणि स्वीकृत म्हणजे नामनिर्देशित सदस्य असतात. मालवण, वेंगुर्ला आणि सावंतवाडी येथे नगरसेवकांच्या प्रत्येकी २० जागा आहेत, चिपळूणला २८ आणि रत्नागिरीला ३२. नगरपंचायतीत १७ प्रभाग आणि प्रत्येक प्रभागाचा एक सदस्य अशी रचना असते. नगरपरिषदेच्या प्रभागात मात्र साधारणपणे दोन जागा असतात, त्यांना 'अ' आणि 'ब' म्हणतात. याचा अर्थ नगरपरिषदेच्या रहिवाशाला दोन नगरसेवक असतात आणि दोघेही त्याच्या प्रभागाला सारखेच उत्तरदायी असतात. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याकडे जाण्यात कसलीही आगळीक नाही. पण आपली माणसे ज्याला मत दिले त्याच्याच दारात वर्षानुवर्षे उभी राहतात.

निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात. अनुसूचित जाती आणि जमातींचे आरक्षण लोकसंख्येच्या प्रमाणात ठरते आणि नागरिकांच्या मागास प्रवर्गासाठीही जागा राखून ठेवतात. कोणता प्रभाग कोणासाठी, हे जाहीर सोडतीने ठरते. प्रभागांची आखणी जनगणनेच्या आकड्यांवर होते, आणि २०२१ ची जनगणना झालीच नसल्यामुळे २०२५ च्या निवडणुकीसाठी २०११ चेच आकडे घ्यावे लागले. प्रभागरचनेचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला, की त्यावर हरकत घेता येते. आपली वाडी मधोमध चिरून दोन प्रभागांत गेली असेल, तर तक्रार करण्याची वेळ तीच. मतदानाच्या तोंडावर बोलून काही हाती लागत नाही.

उमेदवाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते आणि त्याचे नाव त्या नगरपरिषदेच्या मतदारयादीत असावे लागते. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे अपत्यसंख्या दोनच्या वर गेली असेल, तर तो अपात्र ठरतो. नगरपरिषदेच्या ठेक्यात ज्याचा स्वतःचा किंवा भागीदाराचा हितसंबंध आहे, त्यालाही सदस्य होता येत नाही. आणि निवडून आल्यानंतर अनधिकृत बांधकाम केल्याचे सिद्ध झाल्यास पद जाऊ शकते. हे शेवटचे कलम किनाऱ्यावरच्या गावांत मोठ्या आवाजात वाचून दाखवण्याजोगे आहे.

नगराध्यक्षाच्या निवडीची पद्धत इतक्या वेळा बदलली, की जाणत्या माणसांचाही गोंधळ उडतो. २०१६ मध्ये थेट जनतेतून निवड सुरू झाली, २०२० मध्ये ती रद्द होऊन नगरसेवकांतून निवड आली आणि २०२२ मध्ये पुन्हा थेट निवड लागू झाली. म्हणूनच २ डिसेंबर २०२५ रोजी मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी आणि कणकवलीच्या मतदारांनी नगराध्यक्षासाठी वेगळे मत दिले. कुडाळ किंवा देवगड-जामसंडे येथे मात्र जानेवारी २०२२ मध्ये निकाल लागलेल्या निवडणुकीनंतर सदस्यांनीच आपल्यातून नगराध्यक्ष निवडला होता. थेट निवडीत असेही घडते, की नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातील बहुमत दुसऱ्या पक्षाचे. अशा गावात काम पुढे न्यायचे असेल तर दोन्ही बाजूंना अर्जाची प्रत द्यावी.

उपनगराध्यक्षाला नगरसेवक आपल्यातून निवडतात. स्वीकृत सदस्यांची संख्या निवडून आलेल्या सदस्यांच्या दहा टक्के किंवा पाच, यांपैकी जी कमी असेल तितकी असते. म्हणजे वीस जागांच्या नगरपरिषदेत दोन. नगरपालिका कारभाराचे विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्यांनी तेथे यावे असा कायद्याचा हेतू आहे. निवडणुकीत पडलेल्यांची किंवा तिकीट नाकारलेल्यांची सोय लावण्यासाठी ही जागा वापरली जाते, हे आपण सगळेच पाहतो. स्वीकृत सदस्याला सभेत बोलता येते, पण मत देता येत नाही.

तिसरी पायरी: कार्यालयात कोण काय करते, ते पाहावे

कार्यालयाचा प्रमुख मुख्याधिकारी असतो. तो राज्य शासनाच्या संवर्गातील अधिकारी आहे. त्याची नेमणूक आणि बदली शासन करते. सभागृह त्याला नेमतही नाही आणि काढूही शकत नाही. ठरावांची अंमलबजावणी, कर्मचाऱ्यांवर देखरेख, परवानग्या, नोटिसा आणि देयके ही त्याची जबाबदारी असते. तो सभेला हजर राहून माहिती देतो, पण मतदान करत नाही. नगराध्यक्ष सभा बोलावतो, सभेचे अध्यक्षस्थान घेतो, आर्थिक आणि प्रशासकीय कारभारावर लक्ष ठेवतो आणि आणीबाणीच्या प्रसंगी तातडीचे काम करून घेण्याचा अधिकार वापरतो. झाड कोसळून रस्ता अडला किंवा पाण्याची मुख्य वाहिनी फुटली, तर सभेची वाट पाहण्याची गरज नसते, ती याच अधिकारामुळे.

मुख्याधिकाऱ्याच्या हाताखाली नगर अभियंता, पाणीपुरवठ्याचा अभियंता, कर निरीक्षक, स्वच्छता निरीक्षक, लेखापाल आणि नगररचनेचे काम पाहणारा कर्मचारी असतो. लहान नगरपंचायतीत यांतील दोन-तीन टेबले एकाच माणसाकडे असतात. गटार तुंबले तर स्वच्छता निरीक्षकाकडे, आणि तो नसेल तर मुकादमाकडे जावे. गटार फुटले तर अभियंत्याकडे जावे. तुंबलेले आणि फुटलेले या दोहोंतला फरक घरमालकाला किरकोळ वाटला, तरी कार्यालयात त्यांची टेबले वेगळी असतात आणि खर्चाची शीर्षेही वेगळी असतात.

२०१६-१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहांची मुदत संपल्यावर कोकणातील बहुतेक नगरपरिषदांत जवळपास चार वर्षे प्रशासक होता. त्या काळात सभागृह आणि कार्यालय हे दोन्ही अधिकार एका माणसाच्या सहीत एकवटले होते. लोकांना सरळ कार्यालयात जाण्याची जी सवय तेव्हा लागली, ती वाईट नाही. फक्त आता नव्या कामांसाठी पुन्हा ठराव लागतो, हे ध्यानात ठेवावे.

चौथी पायरी: सभेची विषयपत्रिका आणि इतिवृत्त वाचायला शिकावे

सर्वसाधारण सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी आणि विशेष सभेची तीन पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. नगराध्यक्ष सभा बोलावत नसेल, तर किमान एक चतुर्थांश नगरसेवक लेखी मागणी करून विशेष सभा मागू शकतात. विषयपत्रिका सूचना फलकावर लागते. आपला विषय तीत यावा म्हणून नोटीस निघण्याच्या बऱ्याच आधी प्रभागाच्या नगरसेवकाकडून लेखी प्रस्ताव द्यावा लागतो. "ऐनवेळच्या विषयात घेऊ" हे आश्वासन शक्यतो स्वीकारू नये, कारण ऐनवेळी आलेला विषय कोणी अभ्यासलेला नसतो आणि त्यावर पुढे आक्षेप निघणे सोपे असते.

अध्यक्षांनी विशेष कारणाने मनाई केली नसेल, तर सभा नागरिकांना खुली असते. मागे बसून ऐकता येते. बोलता येत नाही. मी प्रथम गेलो तेव्हा प्रेक्षकांत मी, एक वार्ताहर आणि पंख्याखाली झोपलेला एक ठेकेदार इतकेच होतो. एका गटाराचा विषय अकरावा होता. तो वाचला गेला, एकाने सुचवले, दुसऱ्याने अनुमोदन दिले आणि चहा येण्याच्या आत "सर्वानुमते मंजूर" झाला.

खरा कागद त्यानंतर तयार होतो, तो म्हणजे इतिवृत्त. त्यात प्रत्येक ठरावाला क्रमांक, दिनांक, सूचक आणि अनुमोदक असतो. ठरावाची भाषा नीट वाचावी. "वहाळाची साफसफाई करण्यास मंजुरी देण्यात येते" आणि "वहाळाच्या साफसफाईबाबत कार्यालयाने अहवाल सादर करावा" या दोन वाक्यांत सगळा पावसाळा वाहून जातो. पहिल्यात काम मंजूर आहे, दुसऱ्यात फक्त चर्चा झाली आहे. ठरावाची प्रत फी भरून मागता येते आणि ती मागावीच. पुढच्या प्रत्येक अर्जात ठराव क्रमांक आणि दिनांक लिहिला, की अर्जाचे वजन बदलते.

बरेच निर्णय सर्वसाधारण सभेपर्यंत येण्याआधी स्थायी समितीत किंवा बांधकाम, पाणीपुरवठा, स्वच्छता व आरोग्य, महिला व बालकल्याण अशा विषय समित्यांत घोळले जातात. समित्यांतील जागा पक्षांच्या आणि आघाड्यांच्या संख्याबळानुसार मिळतात. निवडणूक झाल्या झाल्या जिल्हाधिकारी कार्यालयात गट नोंदवण्याची धावपळ होते, तिचे कारण हेच.

पाचवी पायरी: पैसा कुठून येतो, ते विचारावे

'अंदाजपत्रक' हा शब्द कार्यालयात दोन अर्थांनी वापरतात, त्यामुळे आधी खुलासा करून घ्यावा. एक नगरपरिषदेचे वार्षिक अंदाजपत्रक, जे मुख्याधिकारी तयार करतो, स्थायी समिती पाहते आणि आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वीच्या विशेष सभेत मंजूर होते. दुसरे एका कामाचे अंदाजपत्रक, ज्याला बोलताना आपण इस्टिमेट म्हणतो. आपले काम पुढच्या वर्षी व्हावे असे वाटत असेल, तर दिवाळीनंतर लगेच मागणी द्यावी. मार्चमध्ये दिलेला अर्ज शिळा असतो.

घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे आणि परवाना शुल्क हे स्वतःचे उत्पन्न. लहान किनारी नगरपरिषदेत ते पगार, वीजबिल आणि देखभाल यांतच संपते. रस्ता, नळयोजना किंवा मोठे गटार यांसाठी वित्त आयोगाचे अनुदान, जिल्हा नियोजन समितीचा निधी किंवा नगरोत्थानसारख्या राज्य योजना लागतात. वित्त आयोगाच्या अनुदानाचा काही भाग पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच बांधील असतो. आपली मागणी त्यात बसवता येते का, हा प्रश्न लेखापालाला विचारून पाहावा.

घरपट्टीबाबत कोकणाचे एक खास दुखणे आहे. अर्धी घरे बंद, मालक मुंबईला आणि करआकारणीच्या नोंदवहीत नाव आजोबांचे. चार वर्षांनी होणाऱ्या करआकारणीच्या वेळी यादी प्रसिद्ध होते आणि हरकतीसाठी किमान तीस दिवसांची मुदत मिळते. चाकरमानी गणपतीला येतो तेव्हा ती मुदत उलटून गेलेली असते आणि पडवीचे क्षेत्र खोली म्हणून लागलेले असते. गावातल्या एका विश्वासू माणसाला अधिकारपत्र देऊन ठेवावे. वारसांची नावे लावण्याचा अर्ज वेळेवर करावा. मात्र असेसमेंटचा, म्हणजे करआकारणीच्या नोंदवहीतला, उतारा हा मालकी हक्काचा पुरावा नव्हे, हेही विसरू नये.

सहावी पायरी: ठरावापासून कामापर्यंतच्या कागदाचा माग काढावा

आमचा वहाळ अडकला तो इथे. ठराव झाल्यावर अभियंता जागेवर येऊन मोजमाप घेतो आणि इस्टिमेट बनवतो. त्याला सक्षम अधिकाऱ्याची तांत्रिक मान्यता लागते, नंतर प्रशासकीय मान्यता, मग निविदा, सर्वांत कमी दराच्या निविदेला मंजुरी, करारनामा आणि शेवटी कार्यादेश. काम झाले की मोजमाप पुस्तकात, म्हणजे एम. बी. मध्ये, प्रत्यक्ष मापे चढतात आणि त्यांवर देयक निघते. साखळीतला प्रत्येक दुवा एक तारीख आणि एक जावक क्रमांक मागे ठेवतो. म्हणून "काम कुठवर आले?" असे विचारू नये, "तांत्रिक मान्यतेसाठी प्रस्ताव कोणत्या जावक क्रमांकाने गेला?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला "चालू आहे" हे उत्तर पुरते. दुसऱ्याला वही उघडावी लागते.

गुरुजींनी आम्हाला अर्ज असा लिहायला लावला: वर ठराव क्रमांक, मग कोणत्या घरापासून कोणत्या पाखाडीपर्यंतचा (पायऱ्यांच्या वाटेपर्यंतचा) वहाळ, अंदाजे लांबी, पाणी शिरलेल्या दोन घरांचे मालमत्ता क्रमांक, आणि भरतीच्या वेळी चिऱ्याच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) उमटलेल्या पाण्याच्या रेषेचे छायाचित्र, शेजारी धरलेल्या मोजपट्टीसह. अर्जाची दुसरी प्रत आवक शिक्का मारून घेतली. पंधराच दिवसांत अभियंता फीत घेऊन आला.

सातवी पायरी: जे नगरपरिषदेचे नाही ते तिच्याकडे मागू नये

किनाऱ्यावर ही गफलत फार होते. जेटी आणि प्रवासी होड्यांची वाहतूक महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत येते. वाळू आणि इतर गौण खनिज हा महसूल खात्याचा विषय. गावातून जाणारा मोठा रस्ता बहुधा सार्वजनिक बांधकाम खात्याचा असतो, वीजवाहिनी महावितरणची. मालवणच्या समोर समुद्रात उभा असलेला सिंधुदुर्ग किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. घराच्या बांधकामाची परवानगी नगरपरिषद देते. परंतु जागा भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत किंवा खाडीकाठच्या नियंत्रित पट्ट्यात असेल, तर २०१९ ची सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचनाही लागू होते, आणि त्या मंजुरीशिवाय पाया खणू नये, मग शेजाऱ्याने खणला असला तरीही.

आमच्या वहाळाच्या तोंडाशी साचलेली वाळू नगरपरिषद उचलू शकत नव्हती. त्यासाठी मुख्याधिकाऱ्यांनी तहसीलदारांना स्वतंत्र पत्र दिले, आणि त्या पत्राची प्रत आम्ही मागून घेतली.

आठवी पायरी: काम अडले तर वरच्या दारी जावे

जन्म-मृत्यूचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला, नळजोडणी किंवा मालमत्तेच्या हस्तांतराची नोंद अशा सेवांना लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार मुदत ठरलेली आहे. मुदत टळली तर प्रथम अपील, नंतर द्वितीय अपील आणि शेवटी सेवा हक्क आयोग अशी वाट आहे. कागदपत्रांसाठी माहितीचा अधिकार वापरावा: अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत ठेवावा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा आणि मागणी नेमकी असावी, उदाहरणार्थ अमुक ठरावाच्या कामाच्या एम. बी. ची छायांकित प्रत. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील करावे.

ठराव कायद्याविरुद्ध आहे किंवा लोकांना अपाय करणारा आहे असे वाटत असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. अधिनियमाच्या कलम ३०८ नुसार त्याची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार त्यांना आहे. हे शस्त्र जपून वापरावे. मर्जीविरुद्ध गेलेला प्रत्येक ठराव बेकायदेशीर नसतो, आणि स्थगिती मिळाली की गावाचे कामही त्याच दाव्याला बांधले जाते.

वहाळ मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात उपसला गेला. एम. बी. मध्ये लांबी आमच्या मोजणीपेक्षा बारा मीटर जास्त चढवलेली होती. तेवढ्यापुरता एक अर्ज अजून आवक शिक्क्यासह माझ्या फायलीत आहे आणि त्याचे उत्तर यायचे आहे.